दोघांची सफर : भिवंडी ते मुरुड

आमच्या लग्नाला एकवीस वर्षे झाली. या एकवीस वर्षांत आम्ही दोघे, फक्त दोघे, घराबाहेर एक रात्रही राहिलो नव्हतो. हे वाचून अनेक वाचक भगिनी म्हणतील, "त्यात नवल काय? आम्हीही नाही राहिलो." म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

आम्ही फिरलोच नाही असे मात्र नाही. तीन वर्षांपूर्वी दीर, नणंद आणि सगळ्यांची मुले मिळून चौदा माणसे टेम्पो ट्रॅव्हलरने समुद्रकिनारी गेलो होतो. पैसे वाचावेत म्हणून एक बंगला भाड्याने घेतला आणि शेगडी, पातेली, तांदूळ, मसाले सगळे घरून नेले. पुरुष मंडळी आणि मुले दिवसभर वाळूत होती. आम्ही बायकांनी चौदा माणसांचा नाश्ता, जेवण आणि चहा केला, ओले कपडे वाळत घातले. समुद्र पाहिला तो बहुतेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून. परत आल्यावर आम्हाला दोन दिवस ताप होता. घरातल्यांच्या लेखी ती फार छान सहल झाली होती.

या वेळी विषय निघाला तो आमच्या थोरल्या मुलीमुळे. ती अकरावीत आहे. एका रात्री दस्तरखान उचलताना सहज म्हणाली, "अम्मी, तुम्ही आणि अब्बा एकमेकांशी फक्त याद्या बोलता. दूध, फी, सिलिंडर, दादीची गोळी." आम्ही हसण्यावारी नेले. पण रात्री झोपताना हिशेब केला तेव्हा मुलीचे म्हणणे खरे निघाले. सकाळी आम्ही शाळेत, मुलांचे अब्बा कारखान्यावर. संध्याकाळी घरात सहा माणसे आणि दोन खोल्या. भिवंडीत ज्यांची घरे मागांच्या कारखान्यांना लागून आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. मागांच्या खटखटाटात माणूस मोठ्याने बोलतो, आणि मोठ्याने जे बोलता येत नाही ते राहूनच जाते.

आधी घराची व्यवस्था

जायचे ठरले तेव्हा वाटले, आता हॉटेल शोधायचे. पण अशा सफरीची तयारी घरापासून सुरू करावी लागते, हे लवकरच कळले.

सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "घरात जवान लेक आहे आणि आईबाप फिरायला निघाले. लोक काय म्हणतील?" आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी फज्रनंतर त्यांनीच हाक मारली आणि हळूच विचारले, "माझी सुई कोण देणार?"

खरा प्रश्न हा होता. त्यांना रोज इन्शुलिन घ्यावे लागते आणि ते आम्ही देतो. लोक काय म्हणतील ही पुढे केलेली ढाल होती. आत भीती होती. घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध पुष्कळदा असाच असतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या पोटातली अडचण शोधावी. मुंब्र्याहून नणंदबाई दोन रात्रींसाठी यायला तयार झाल्या. त्यांनी आदल्या दिवशी येऊन आमच्यासमोर सुई दिली. गोळ्या तीन डब्यांत वाटून ठेवल्या, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवला. सासूबाईंचा चेहरा मोकळा झाला. लोकांचा विषय त्यांनी परत काढला नाही.

शेजारच्या खालांनी मात्र काढला. म्हणाल्या, "तेवढे पैसे उमऱ्यासाठी जमवा की." उमऱ्याचे पाकीट आमच्या कपाटात वेगळे आहे आणि त्याला हात लावायचा नाही हे पक्के होते. या सफरीसाठी चौदा महिने दरमहा पाचशे रुपये वेगळे काढले होते. ऐपतीबाहेर जाऊन, कर्ज काढून फिरणे आम्हालाही मान्य नाही. पण दर महिन्याला बाजूला ठेवलेले पाचशे रुपये नवरा-बायकोने एकमेकांसाठी वापरणे ही उधळपट्टी नव्हे. हजरत आयेशा (रजि.) यांच्यासोबत सफरीत असताना प्रेषितांनी (स.) सोबत्यांना पुढे जायला सांगितले आणि दोघांनी धावण्याची शर्यत लावली, ही रिवायत आपण मुलांना कौतुकाने सांगतो. सोबत्यांना पुढे पाठवले, हा त्यातला भाग आपल्या ध्यानात राहत नाही. इतक्या जिम्मेदाऱ्या असलेल्या सफरीतही दोघांसाठी थोडा वेळ वेगळा काढला गेला होता.

मुरुडच का?

अलिबाग, काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन अशी बरीच नावे समोर होती. आम्ही रायगड जिल्ह्यातले मुरुड निवडले. गाव लहान आहे, किनारा गावाला लागूनच आहे. मुसलमान वस्ती जुनी असल्यामुळे मशीद आणि जेवण यांची चिंता नव्हती. शिवाय वर्गात जंजिऱ्याचा धडा शिकवताना मुले विचारतात, "टीचर, तुम्ही पाहिलाय का?" दरवेळी नाही म्हणावे लागे.

भिवंडीपासून मुरुड सुमारे दीडशे किलोमीटर आहे. रस्ता पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा, काशीद असा जातो. स्वतःची गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोटही आहे. २०२० मध्ये सुरू झालेली ही बोट गाडीसकट तासाभरात पलीकडे उतरवते. रेल्वेने जायचे तर दिव्याहून रोह्यापर्यंत गाडी आहे, पुढे रस्त्याने जावे लागते.

आम्ही एसटी निवडली. दिराची गाडी मिळत होती. पण गाडी नेली असती तर मुलांचे अब्बा दोन दिवस ड्रायव्हर झाले असते आणि आराम एकट्या आमच्याच वाट्याला आला असता. शिवाय मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. पनवेलला गाडी बदलली आणि खिडकीची जागा मिळाली. एसटीत माणसाला काही करता येत नाही, नुसते बसून राहावे लागते. आमच्या दोघांचा आराम तिथूनच सुरू झाला.

वार, महिना आणि चांद

किनाऱ्यावर जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. त्यातही शनिवार-रविवार टाळावा. मुंबई-पुण्याची सगळी गर्दी तेव्हा काशीद-मुरुडच्या रस्त्यावर असते आणि खोल्यांचे भाडे चढलेले असते. आम्ही डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी निघालो आणि मंगळवारी परतलो. शाळेतून दोन किरकोळ रजा घ्याव्या लागल्या. आम्ही मुरुडला पोचत होतो तेव्हा समोरून गाड्यांची रांग परत जात होती. सोमवारी किनारा जवळजवळ मोकळा होता.

दुसरी गोष्ट चांदाची. आपल्या घरात चांदाची तारीख सगळ्यांना पाठ असते. ती इथे उपयोगी पडते. चांदाच्या पहिल्या तारखेच्या आणि चौदावी-पंधरावीच्या आसपास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. आपल्या या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमारास असते. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी पाणी लांब गेलेले असते आणि चालायला रुंद, कडक वाळू मिळते. आठवी आणि बाविसावीच्या सुमारास याच्या उलट होते, सकाळ-संध्याकाळ पाणी वर चढलेले असते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. आम्ही चौदावीच्या जवळचे दिवस घेतले. मगरिबनंतर चांदण्यात किनाऱ्यावर चालता आले.

पाण्यात उतरताना मात्र जपावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी याच मुरुडच्या समुद्रात बुडाले होते. किनाऱ्यावरचे कोळी बांधव जिथे थांबा म्हणतील तिथे थांबावे. बुरखा ओला झाला की फार जड होतो आणि पायांत अडकतो. पाण्यात पाय भिजवायचे असतील तर आत सुती नव्हे, लवकर वाळणारा सलवार-कमीज असावा आणि गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. सकाळी फज्रनंतर किनाऱ्यावर वर्दळ नसते. पडदा पाळणाऱ्या बहिणींना ती वेळ सगळ्यात सोयीची.

खोली, कागद आणि जेवण

खोली फोनवरच ठरवली. तीन गोष्टी विचारल्या : दाराला आतून नीट कडी आहे का, शेजारी मोठा ग्रुप उतरणार आहे का, आणि नाश्ता-जेवण तिथेच मिळेल का. भाडे सोमवारसारख्या दिवशी कमी होते.

तरी एक अडचण आलीच. आमच्या आधार कार्डावर माहेरचे नाव आहे. आपल्यात लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही, अनेकींचे असेच असते. काउंटरवरच्या मुलाने दोन्ही कार्डे पाहिली आणि म्हणाला, "आडनावे वेगळी आहेत." चाळिशीतल्या दोन माणसांनी नवरा-बायको असल्याचा खुलासा करावा, हे मनाला लागले. मुलांच्या अब्बांचा चेहरा लाल झाला होता. आमच्या फोनमध्ये निकाहनाम्याचा फोटो होता. तो दाखवला आणि विषय संपला. कार्डाशिवाय दुसरा कागद दाखवण्याची वेळ यायला नको होती. पण वाद घालून दोन दिवसांची सुरुवात बिघडवण्यापेक्षा फोनमध्ये एक फोटो ठेवणे सोपे.

जेवणाचे म्हणाल तर किनाऱ्यावर मासे आहेत आणि माशाला जबिहाचा प्रश्न नाही. सुरमई, पापलेट, बोंबील आणि तांदळाची भाकरी एवढ्यावर दोन दिवस मजेत जातात. हनफी घरांत चिंबोरी चालत नाही, तेवढे मागवताना सांगावे. आम्ही ठरवले होते की घरून एकही डबा न्यायचा नाही. तरी सासूबाईंनी पिशवीत चकल्या घातल्याच.

नमाजची सोय सोपी आहे. भिवंडीहून मुरुड इतके दूर आहे की हनफी आणि शाफई दोन्ही मजहबांप्रमाणे कसर लागू होते, म्हणजे जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोन. हनफींसाठी मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी हवा. शाफईंसाठी येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी हवा, आणि त्यांना जुहर-असर व मगरिब-इशा एकत्र अदा करण्याचीही सवलत आहे. बारकावे आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्यावेत. कोकण किनाऱ्यावर किब्ला समुद्राच्याच बाजूला, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे येतो. खोलीच्या गॅलरीत मुसल्ला अंथरला तेव्हा समोर पाणीच होते.

यादीतून खोडलेली नावे

निघण्याआधी मुलांच्या अब्बांनी एक यादी केली होती : काशीदचा किनारा, फणसाडचे अभयारण्य, खोकरीचे घुमट, आगरदांड्याहून बोटीने दिघी आणि पुढे दिवेआगर. यादी पाहून आम्ही म्हटले, "हे तर शाळेच्या सहलीचे वेळापत्रक झाले." फणसाड पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते, १९८६ पासून ते अभयारण्य आहे आणि तिथे शेकरू दिसते. पाहण्यासारखे नक्कीच आहे. पण पहाटे उठून जीप ठरवून धावायचे असेल तर मग आराम कुठला? सगळी नावे खोडली. फक्त दोन ठेवली, जंजिरा आणि जवळचे खोकरी.

सोमवारी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात गेलो. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला इथे एक वेगळा आनंद होतो. अरबी 'जजीरा', म्हणजे बेट, कोकणी जिभेवर 'जंजिरा' झाला आणि तेच किल्ल्याचे आणि संस्थानाचे नाव झाले. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तीन शतकांहून अधिक काळ इथे राज्य केले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. किल्ल्यावरची कलाल बांगडी तोफ प्रसिद्ध आहे. समोर समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. सगळ्यात आश्चर्य वाटते ते गोड्या पाण्याच्या तलावांचे. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव. होडीतून दरवाजाशी उतरताना पायऱ्या निसरड्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हात धरून उतरावे. आम्हीही धरला. भिवंडीच्या बाजारात असा हात धरून आम्ही कधी चाललो नव्हतो.

परतताना खोकरीला थांबलो. सिद्दी सरदारांच्या दगडी कबरींचे घुमट आहेत, त्यांतला सुरूलखानाचा सर्वांत मोठा. फातिहा पढून सावलीत बसलो. दुपारनंतर खोलीवर येऊन झोपलो. दिवसा झोपण्याची आम्हाला सवयच नव्हती. उठलो तेव्हा असर होत आली होती आणि कोणी हाक मारली नव्हती.

बोलायचे राहिलेले

आता जे घडले ते लिहावे की नाही, याचा विचार केला. मुलांच्या अब्बांना विचारले. ते म्हणाले, "लिहा. अजून कुणाला उपयोग होईल."

पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसल्यावर आमच्याकडे बोलायला काहीच नव्हते. पाच मिनिटांत मुलांची चौकशी झाली, सासूबाईंना फोन झाला. मग दोघेही गप्प. थोडे अवघडल्यासारखे झाले. एकवीस वर्षे एका घरात राहिलेली माणसे अनोळखी पाहुण्यांसारखी बसली होती. आम्हाला वाटले, एवढा खटाटोप केला तो यासाठी?

दुसऱ्या संध्याकाळी चालता चालता ते एकदम म्हणाले, "चार माग भंगारात काढावे म्हणतो."

कारखान्यात बारा माग आहेत. मजुरीवर कापड विणले जाते. मंदी आहे हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सहा महिन्यांपासून चार माग बंदच आहेत, विजेचे बिल भागवायला मित्राकडून हातउसने घेतले आहेत, आणि हे अम्मींना कळले तर त्यांची साखर वाढेल म्हणून घरात शब्द काढला नाही, हे सारे ते पहिल्यांदा बोलत होते. हे माग त्यांच्या वडिलांनी घेतले होते. भंगारवाल्याला वजनावर देताना काय वाटेल, हे सांगताना त्यांचा आवाज गेला.

आम्हाला अर्धे माहीत होते. हिशेबाची वही आम्ही एकदा पाहिली होती आणि ते स्वतः सांगतील म्हणून थांबलो होतो. थांबता थांबता मनात राग साठला होता. घरखर्चाला आमचा पगार आणि निर्णय मात्र एकट्याचा, असा तो राग होता. तोही त्या दिवशी बोलून टाकला. ते ऐकून घेत राहिले. घरी असतो तर दोन वाक्यांत कोणीतरी मधे आले असते, कुकरची शिट्टी झाली असती, किंवा सासूबाईंनी विचारले असते, "काय झालं?" इथे कोणीच मधे आले नाही. किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा चालून झाले, तेव्हा निर्णय झाला होता. चार माग काढायचे, हातउसने आधी फेडायचे, मुलीच्या शिक्षणाला धक्का लावायचा नाही, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला वही दोघांनी मिळून पाहायची.

मंदी काही या सफरीने संपली नाही. उरलेले आठ माग किती दिवस चालतील, हे आजही सांगता येत नाही. पण ते ओझे आता दोघांच्या खांद्यावर आहे, आणि ते झोपेत दात खाणे थांबले आहे.

हिशेब आणि वाटणी

दोन रात्रींची खोली, एसटी, रिक्षा, होडी आणि जेवण धरून खर्च सात हजारांच्या आत बसला. ज्यांना तेवढेही शक्य नाही, त्यांनी एका दिवसाचा बेत करावा. सकाळी निघून अलिबागला जावे आणि रात्री परत यावे. तेही जमत नसेल तर मुलांना खालाकडे सोडून अर्धा दिवस कुठेही शांत बसावे. ठिकाण महत्त्वाचे नाही. त्या वेळात स्वयंपाक नसावा, सोबत तिसरे माणूस नसावे आणि पाहायच्या जागांची यादी नसावी.

मंगळवारी रात्री घरी पोचलो तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सुरमई ताजी होती का?" मग म्हणाल्या की नणंदेचा हात आमच्यापेक्षा हलका आहे, सुई टोचल्याचे कळतही नाही.

नणंदबाईंच्या लग्नाला सतरा वर्षे झाली. त्याही कधी दोघेच कुठे गेलेल्या नाहीत. फेब्रुवारीत रमजानच्या आधी त्या आणि नंदोई दोन रात्रींसाठी श्रीवर्धनला जात आहेत. त्यांची तीन मुले तेव्हा आमच्या दोन खोल्यांत राहतील. गाद्या कशा घालायच्या, याचा विचार सासूबाईंनी आतापासूनच सुरू केला आहे.